डाव्या विंगेतली खुर्ची

बरकतपुरा, हैदराबाद
४ मे २०२५

ती. अप्पादादास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू काय बोलतोस ते मला आता कळतच नाही, आणि कानातलं यंत्र लावलं की डब्यात खडे हलवल्यासारखं होतं. म्हणून हे पत्र. तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं, हे तुझ्या लेकीने, प्रियदर्शिनीने, मला कागदावर लिहून दाखवलं तेव्हा जीव भांड्यात पडला.

आमच्या नाट्यमंडळाने यंदाचा हंगाम जाहीर केला. जुलैत विनोदी नाटक, दसऱ्यानंतर दोन एकांकिका, नाताळात मुलांचं गाण्यांचं नाटक आणि फेब्रुवारीत चक्क संगीत नाटक! हौ, ऑर्गनसकट. यादी वाचून हरखले आणि घरी येऊन रडत बसले. कारण मी मंडळ सोडलंय, दादा.

मार्चच्या प्रयोगात काय झालं ते तुला कुणी सांगितलं नसेल. गंभीर प्रवेश, आणि आमचा नट गौतम अडला. एकतीस वर्षं डाव्या विंगेत प्रॉम्प्टर म्हणून बसून करते तेच मी केलं, हळूच वाक्य पुरवलं. माझ्या मते हळूच. पण स्वतःचा आवाजही धड ऐकू येत नाही ना! वाक्य गेलं थेट शेवटच्या रांगेत. आणि वाक्य कोणतं, तर 'घाबरू नकोस, इथे आपल्या दोघांशिवाय कुणी नाही.' अख्खं सभागृह हसलं म्हणे. मला ते ऐकू नाही आलं, नुसते हसणारे चेहरे दिसले.

परवा दिग्दर्शक कुलदीपसरांच्या हातात राजीनाम्याची चिठ्ठी ठेवली. हे गेल्यापासून माझी वाट बघणारी ती एकच जागा होती रे. आता संध्याकाळी साडेसहा वाजले की काय करावं कळत नाही.

वहिनींना नमस्कार. माझ्यावर माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
तारा


परभणी
१३ मे २०२५

चि. तारामतीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र वाचून आधी हसलो, माफ कर. लहानपणी तू माझ्या कानात सांगितलेलं गुपित अख्ख्या गल्लीला कळायचं, ते आठवलं. मग तुझी वहिनी डोळे पुसताना दिसली आणि माझंही हसू गेलं.

चिठ्ठी दिलीस ती दिलीस. पण मंडळी काय म्हणतात ते तरी बघ. प्रिया नोकरीसाठी त्या गावात आली तेव्हा एका माणसाला ओळखत नव्हती. तू तिला तालमीला नेलंस, आणि मंडळाने तिला घरचीच करून टाकलं. त्या लोकांचे उपकार मी जन्मात विसरणार नाही. अशी माणसं एका फजितीपायी तुला सोडतील, असं मला वाटत नाही. तूच त्यांना सोडू नकोस.

मी काठी घेऊन अंगणापर्यंत जातो. जेवत जा वेळेवर. आशीर्वाद पाठीशी आहेत, पत्र मात्र लवकर येऊ दे.

अप्पाराव


अंबरपेठ
२४ मे २०२५

ती. आत्यास सा. न.

फोन तुला ऐकू येत नाही, मेसेजला तू नुसता अंगठा पाठवतेस आणि घरी आलं की भांडी घासायला उठतेस. मग काय, पत्र! कुलदीपसरांनी तुझी चिठ्ठी अजून वाचलेली नाही. चष्मा सापडत नाही म्हणतात. चष्मा नाकावर असतो.

तुझ्या खुर्चीत अनिलकाकांना बसवून बघितलं. गौतम अडला तेव्हा काका नाटक बघण्यात रंगले होते, वहीचं पान भलतंच. गौतमला देवनागरी वाचता येत नाही. पाच वर्षांतलं प्रत्येक वाक्य तू वाचून दाखवलंस आणि तुझ्या ओठांकडे बघत त्याने ते पाठ केलं. त्यामुळे युक्तीही त्यालाच सुचली. तू आमचे ओठ बघूनच वहीतली ओळ धरतेस ना? मग आम्ही तुझे बघू. आवाज काढायचाच नाही. पहिला शब्द नुसत्या ओठांनी म्हणायचा. तुझ्या चेहऱ्यावर छोटा दिवा लावणार आहोत. दहा दिवस सगळे एकमेकांसमोर मुक्याने बोलतोय, दहापैकी आठ शब्द ओळखू येतात!

आत्या, दया वगैरे काही मनात आणू नकोस. तू नसलीस की आम्हाला भीती वाटते, एवढंच. मंगळवारी साडेसहाला ये. आली नाहीस तर सगळे तुझ्या घरी जेवायला येऊ.

तुझी लाडकी (हे मीच ठरवलंय),
प्रिया


बरकतपुरा
२१ जुलै २०२५

ती. अप्पादादास,
शि. सा. न. वि. वि.

परवा शनिवारी प्रयोग झाला. मी गेले होते. प्रियाने पत्रातून बोलावलं त्या मंगळवारी तालमीलाही गेले होते, नाहीतर सगळे घरी जेवायला येणार होते. चौदा जणांचा स्वयंपाक कोण करणार!

दुसऱ्या अंकात गौतमचा हात शर्टाच्या बटणाकडे गेला. अडला की तो तेच करतो. आवाज फुटत नाही ना, हे कळावं म्हणून मी गळ्यावर हात ठेवला आणि नुसते ओठ हलवले. त्याने बघितलं. आणि दादा, मी सुरू करून दिलेलं वाक्य त्याच्या ओठांवर आलेलं मला दिसलं. तीनदा अडला, तीनदा सावरला. पडदा पडल्यावर आभार म्हणून गौतमच्या डोक्यावर नुसता हात ठेवला.

तरी धाकधूक होतीच. बाहेर पहिल्या रांगेतल्या एक अनोळखी बाई भेटल्या. प्रियाला म्हटलं, त्यांना विचार, विंगेतून कुणाचा आवाज येत होता का. बाई गोंधळल्या. प्रियाने उत्तर तळहातावर लिहून दाखवलं. त्या म्हणाल्या होत्या, या नाटकाला प्रॉम्प्टर होता?

एकतीस वर्षांत इतकी मोठी दाद मला कुणी दिली नव्हती रे.

मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. आहे तसाच जीव लावत राहा.

तुझी,
तारा