घड्याळवाल्यांचं अडकलेलं टपाल

३ मार्च, सोमवार

आजपासून रोजनिशी. पुढेमागे आपल्या नेटवर्कचा इतिहास लिहायची वेळ आली तर कच्चा माल हाताशी असावा.

कॉम्प्युटरवरून निरोपांची देवाणघेवाण करणारे हौशी बोर्ड शहरात तीन. दातवाले डॉक्टर, घड्याळवाले आणि मी. बाहेरगावचं टपाल आधी डॉक्टरांच्या कॉम्प्युटरवर येतं. तिथून फोनच्या लाइनवरून माझ्या मशीनमध्ये, माझ्याकडून घड्याळवाल्यांकडे. म्हणजे मी मधला. नेटवर्कच्या भाषेत हब. सौ.च्या भाषेत लष्कराच्या भाकऱ्या.

घड्याळवाल्यांचा बोर्ड शनिवारपासून लागत नाही. त्यांचे एकतीस निरोप माझ्याकडे होल्डवर पडून आहेत. चिंता नाही. अशा वेळीच तर हबचा कस लागतो.

संकल्प: शुक्रवारच्या आत होल्ड शून्य. शिवाय उद्यापासून पहाटे फिरायला जाणे.

४ मार्च, मंगळवार

फिरायला गेलो नाही. एक बूट सापडला.

मशीनला सांगून ठेवलंय, घड्याळवाल्यांना दर पाच मिनिटांनी फोन लाव. इमानेइतबारे लावतंय. गंमत अशी की तिकडून फोन उचलला जातो, पण मॉडेमची शिट्टी येत नाही. स्पीकरवर कुणीतरी हॅलो हॅलो करतं. संध्याकाळी एक शिवी पण आली. क्रॉस कनेक्शन असणार.

सौ. म्हणाली, अहो, ते घड्याळवालेच असतील, रिसीव्हर उचलून बोला ना. मी शांतपणे समजावलं की डेटाच्या लाइनवर तोंडाने बोलणं शिस्तीत बसत नाही. बोलायचंच असतं तर मॉडेम कशाला घेतला असता? ती म्हणाली, हेच मी दोन वर्षं विचारतेय.

तिचं चित्त दुसरीकडे आहे. सासऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन येत्या सोमवारी इथल्या दवाखान्यात. चार महिने थांबून तारीख मिळाली आहे, हुकली तर पुन्हा चार महिने. मेहुण्याला रजा नाही, तो त्यांना बसमध्ये बसवून देणार, इथे स्टँडवर आपण उतरवून घ्यायचं. कुठल्या दिवशी, कुठल्या बसने, ते तो कळवणार आहे. मी त्याला ठणकावून सांगितलंय, ट्रंक कॉलला पैसे घालू नकोस, तुझ्या गावच्या बोर्डावरून निरोप टाक, आपलं नेटवर्क आहे.

५ मार्च, बुधवार

ऑफिसात कल्पना सुचली. रिरूट! घड्याळवाल्यांना माझी लाइन लागत नाही ना? मग त्यांचं टपाल डॉक्टरांमार्फत पाठवायचं. डॉक्टरांचा फोन नव्या एक्स्चेंजचा. रूटच्या फाइलमध्ये फक्त एक ओळ बदलायची. एवढं साधं इतरांना कसं सुचत नाही?

कागदावर बाण काढत बसलो होतो तेवढ्यात साहेब आले. काय चाललंय, म्हणाले. म्हटलं, एक लाइन तुंबलीय, दुसरीकडून वळवतोय. आमचं खातं पाणीपुरवठ्याचं. साहेब खूश झाले.

घरी सौ.ला योजना सांगितली. ती म्हणाली, घड्याळवाल्यांचं दुकान बसस्टँडसमोर आहे, चालत दहा मिनिटं. छापा आणि नेऊन द्या. काखेत कळसा नि गावाला वळसा! मी नुसता हसलो. घरोघर टपाल वाटायला मी पोस्टमन आहे का?

६ मार्च, गुरुवार

संध्या. ७.१० – ओळ बदलली. एकतीसच्या एकतीस निरोप डॉक्टरांकडे रवाना. होल्ड शून्य! तेही मुदतीच्या एक दिवस आधी. सौ.ला हाक मारून स्क्रीन दाखवला. तिने विचारलं, बाबांचा निरोप आला का. आपण डोंगर हलवावा आणि घरच्यांनी खडे मोजावेत.

संध्या. ७.४० – डॉक्टरांकडून टपाल आलं. एकतीस निरोप, घड्याळवाल्यांच्या नावे. घड्याळवाल्यांना बराच पत्रव्यवहार दिसतो. नव्या पद्धतीने ताबडतोब डॉक्टरांकडे पाठवले.

७ मार्च, शुक्रवार

नेटवर्कने बाळसं धरलंय. ऑफिसला जाताना मशीन चालू होतं, आलो तेव्हाही चालूच. टपाल येतंय, जातंय, येतंय. प्रत्येक मशीन निरोपाखाली आपला शिक्का मारून पुढे पाठवतं, त्यामुळे गठ्ठा चांगला गुटगुटीत झालाय. काल दोन मिनिटांत जात होता, आज वीस मिनिटं लागतात. नेटवर्कच्या विभागीय समन्वयकाची जागा रिकामी आहे असं ऐकतो. अर्ज करावा.

शेजारच्या काकू सांगत आल्या की तुमचा फोन सारखा एंगेज. मी आभार मानले.

मेहुण्याचा निरोप अजून नाही. सौ. म्हणाली, मी दादाला फोन लावते. पण गठ्ठा अर्ध्यावर आला होता, लाइन तोडली असती तर सगळं पहिल्यापासून. म्हटलं, जरा थांब. ती फोनपाशी उभी राहिली. तो गठ्ठा गेला, लगेच दुसरा आला. तिच्या तोंडाकडे बघवेना, म्हणून स्क्रीनकडे बघत बसलो.

फिरायला जाण्याचं सोमवारपासून. आठवड्याच्या मध्ये सुरुवात केली की टिकत नाही.

८ मार्च, शनिवार

सकाळी – डिस्क फुल. मशीन नवं टपाल घ्यायलाच तयार नाही. माझा बुद्धिबळाचा गेम पुसला, समन्वयकाचा अर्ज पुसला. पुरलं नाही.

दुपारी १ – कारण सापडलं. डॉक्टरांच्या मशीनमध्ये एक जुनी ओळ आहे: घड्याळवाल्यांचं टपाल हबकडे द्यावं. आणि माझ्या मशीनमध्ये नवी: घड्याळवाल्यांचं टपाल डॉक्टरांकडे द्यावं. दारात दोन सभ्य गृहस्थ ‘आधी आपण, आधी आपण’ करत अडकावेत तसं गुरुवारपासून चाललंय. डॉक्टरांकडची जुनी ओळ कुणी घातली हे शोधायला हवं.

१.२० – आठवलं. दोन वर्षांपूर्वी मीच घालून दिली होती. चहा छान होता त्यांच्याकडचा.

१.३० – डॉक्टरांना ओळ काढायला सांगण्यासाठी फोन केला. एंगेज. ते माझ्या मशीनला लावतायत. मग त्यांना नेटवर्कवरून निरोप धाडला. तो गठ्ठ्याच्या मागे रांगेत उभा आहे.

संध्या. ६.३० – बेल वाजली. दारात घड्याळवाले. एका हातात सासऱ्यांची बॅग, दुसऱ्या हातात सासरे.

चारच्या बसने उतरले होते. घ्यायला कुणी नाही. त्या डोळ्यांना समोरचा माणूस म्हणजे नुसती सावली. येणाऱ्या प्रत्येक सावलीला म्हणे जावईबापू का, असं विचारत होते. तासाभराने कुणीतरी हाताला धरून समोरच्या दुकानात आणलं, एक फोन करू द्या म्हणून. घड्याळवाल्यांनी नंबर विचारला आणि कपाळाला हात लावला. म्हणाले, आजोबा, हा नंबर मी आठवडाभर लावतोय, हा लागत नसतो. घड्याळवाल्यांचा मॉडेम जळलाय. तेच सांगायला मला फोन करत होते. माझा एंगेज, कारण मी त्यांना करत होतो. त्यांनी उचलला की कानात किंचाळी. शिवी त्यांचीच होती. दिलगीर आहेत.

सौ.ने वडिलांना आत नेलं, पाणी दिलं. मग बाहेर आली आणि मॉडेमची वायर काढली. मी अडवलं नाही. अडवायला तोंड कुठे होतं?

९ मार्च, रविवार

सौ. बोलत नाही. सासरे बोलतात, त्याचं जास्त वाईट वाटतं. रात्री म्हणाले, तुम्ही कामात असाल म्हणून मीच म्हटलं, थांबू जरा.

१० मार्च, सोमवार

ऑपरेशन नीट झालं. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्याचं पुढच्या खेपेला. मी दिवसभर दवाखान्यात बाकावर बसून. मला करण्यासारखं काही नव्हतं, आणि बहुधा म्हणूनच सगळं सुरळीत पार पडलं.

घड्याळवाले भेटायला आले. म्हणाले, नवा मॉडेम घेणार नाही. आता फोन वाजला की पलीकडे माणूस असतो. एकतीस निरोपांचं काय करू, विचारलं. म्हणाले, टाका पुसून.

१३ मार्च, गुरुवार

सौ.च्या परवानगीने अर्धा तास मॉडेम जोडला. डॉक्टरांनी गठ्ठा पुसलाय आणि गोड शब्दांत कळवलंय की आता बोर्ड दोनच उरल्यामुळे मधल्या हबची गरज नाही. त्यांच्याकडे माझ्यासाठी होल्डवर पडलेला एक निरोप तेवढा मोकळा होऊन आला. मेहुण्याचा.

सासऱ्यांनी आतून विचारलं, कुणाचं आलं? वाचून दाखवा. त्यांना अजून वाचता येत नाही, आणि खोटं मला सुचलं नाही. वाचलं: बाबा शनिवारी चारच्या बसने पोचतील. त्यांना फारसं दिसत नाही, तेव्हा कृपया फलाटावरच उभे राहा. तुमचा फोन एंगेज आहे, पण तुमचं नेटवर्क आहे म्हणून मी निर्धास्त आहे.

सासऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, जा मग लवकर. म्हातारा माणूस आहे, ताटकळेल.

आतून सौ.च्या हसण्याचा आवाज आला. पाच दिवसांत पहिल्यांदा. घरात थांबवेना. चपला घातल्या आणि बसस्टँडपर्यंत जाऊन आलो.

दहा मिनिटंच लागतात.