छत्री काढणाऱ्या सरदारीणबाई

ती. ताई,

दोन्ही हात जोडून नमस्कार (एका हातात तपासायच्या वह्या आहेत, तोही जोडला असं समज). तुझे गुडघे कसे आहेत? माझी तब्येत ठणठणीत आहे, फक्त जळफळाट होतो.

आमच्या शाळेत इंग्रजीला नव्या बाई आल्या आहेत. मी बावीस वर्षं मुलांकडून क्रियापदांची तिन्ही रूपं घोकून घेतोय, आणि या बाई खिडकीकडे बोट दाखवून सांगतात, 'विंडो' म्हणजे मुळात वाऱ्याचा डोळा. झालं. मधल्या सुट्टीतही मुलं त्यांच्याभोवती, आणि माझ्या तासाला त्याच डोळ्यातून बाहेर बघत बसलेली. (बाई शिकवतात चांगलं. हे फक्त तुला लिहितोय.) परवा एका मुलीने विचारलं, "सर, तुम्हाला येते का एखाद्या शब्दाची गोष्ट?" माझ्या अंगाचा तिळपापड झाला. खडू खाली ठेवला आणि सांगितलं, की अंब्रेला नावाची एक सरदारीण होती, तिला ऊन सोसत नसे, म्हणून तिने आपला झगा काठीला बांधून डोक्यावर धरला. वर्ग इतका चिडीचूप मी कधी पाहिला नव्हता. मुलांनी ती गोष्ट माझ्या नावासकट भित्तिपत्रकावर डकवली. मी दिवसभर हवेत.

दुसऱ्या दिवशी बाईंनी जाडजूड शब्दकोश माझ्यापुढे हळूच उघडला. शब्द म्हणे सावलीवरून आला. सरदारीणबाईंचा कुठे मागमूस नाही. शनिवारी पालक येणार आहेत, आणि बावीस वर्षांची अब्रू त्या भिंतीवर चिकटलेली आहे.

तुझा धाकटा

ता. क. आता मुद्द्याचं. ती गोष्ट तूच मला सांगितली होतीस, भर उन्हात शाळेत जाताना. छत्री एकच होती, ती तुझ्या डोक्यावर होती, आणि मी कुरकुर करत होतो. चाळीस वर्षं मी ती खरी मानतोय. कुठल्या पुस्तकात वाचलीस ते लगेच कळव.

पुन्हा ता. क. पाकीट चिकटवणार तोच बाई आल्या. मी खरं काय ते सांगून टाकलं. त्या खूप हसल्या. म्हणाल्या, गोष्ट राहू दे, वर 'सरांच्या ताईंची थाप' असं लिहू, आणि शनिवारी ताईंनाच बोलवा, मुलं खूश होतील. मी सांगितलं, ताईंचे गुडघे फार दुखतात. तेव्हा शनिवारपर्यंत ते दुखतेच ठेव. वर्ग गेला तर गेला, तू तरी त्यांच्याकडे जाऊ नकोस.