मावशीकडे फोन करू नका

सूनबाई,

मी बारक्या मावशीकडे राहायला जाते आहे. मोबाइल मुद्दाम टेबलावर ठेवलाय, विसरलेली नाही. शेजारी आपलं बोलणं भिंतीतून आणि फोनमधून ऐकतात, असं तिच्या मनाने घेतलंय. तेव्हा तिकडे फोन करू नका.

रविवारी तुझा नवरा तिला म्हणाला, "मावशी, तुमचं बोलणं ऐकायला रिकामं कोण आहे?" तिने त्याच्या तोंडावर दार लावलं. त्याला काय माहीत! १९६८ साली आम्ही दोघी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकाच दिवशी लागलो. दुपारी काम कमी असलं की एकाच हेडफोनला कान लावून लोकांची भांडणं आणि सोयरिकी ऐकायचो. असं ऐकता येतं, हे तिला पक्कं ठाऊक आहे.

म्हणून मी तिला खोटं पाडत नाही आणि होला होही करत नाही. काल म्हटलं, "मला काही ऐकू येत नाही, पण तू घाबरली आहेस ते दिसतंय."

"तू बहिरी झालीस, म्हातारे," म्हणाली आणि किती दिवसांनी हसली. मग झोप उडाल्याचं कबूल करून डॉक्टरांकडे यायला तयार झाली.

बुधवारी अकराला नंबर आहे. दहाला गाडी घेऊन तू एकटीच ये. डॉक्टर मनाचे आहेत, हे मी तिला सांगून टाकलंय. लपवलं असतं तर मीही त्या शेजाऱ्यांत जमा झाले असते. कुरकुरेल, पण येईल.

माझ्या गोळ्या सोबत घेतल्या आहेत.

आई