बाईसाहेबांची पिशवी

४ मार्च

चि. टिटवीस मामाचे अनेक आशीर्वाद.

बातमी अशी की, बाईसाहेब बाळंत होऊन दोन आठवडे झाले. माझ्या वर्कशॉपच्या जिन्याखाली बिऱ्हाड थाटलेली ही कुत्री, अंगाने जेमतेम मांजरीएवढी, आणि पिल्लं चार! त्यांचे डोळे कालच उघडले. आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त करणारा मी तोंडात बोट घालून बघत बसलो होतो.

तिच्या खाण्यात कुचराई नाही हो. माझ्या हृदयाच्या डॉक्टरांनी मला चरबी बंद केली आहे, मग ती बाळंतिणीला तरी कशाला? दुकानातल्या सगळ्या पिशव्या चाळून मी सर्वांत कमी चरबीची निवडली. शेजारीच पिल्लांचं खाणंही होतं, पण चार लेकरांच्या आईला पिल्लांचं खाणं कोण देईल? खाते बिचारी, तरी फासळ्या दिसायला लागल्यात. डब्यातलं ओलं खाणंही बघितलं. त्यावर प्रथिनं नऊ टक्के आणि पिशवीवर बावीस. डबेवाला चक्क लुबाडतो की काय? तू पिशव्या छापणाऱ्या प्रेसमध्ये आहेस, तूच सांग.

माया पातळ होऊ देऊ नये.
तुझा मामा

१० मार्च

ती. मामास सा. न.

मामा, तुझं पत्र वाचून आधी हसले आणि मग काळजीत पडले. पथ्य तुझं, आणि ते तू तिच्या गळ्यात मारलंस!

खरं सांगू? रोज शेकडो पिशव्या माझ्या हाताखालून जातात. शाई पसरली का, अक्षर तुटलं का, एवढंच मी बघते. तुझ्यामुळे काल पहिल्यांदा एक पिशवी धड वाचली आणि थक्क झाले. पुढची बाजू नुसती मिरवायला असते. खरं काय ते मागे, बारीक अक्षरांत, आणि त्यातही एक ओळ महत्त्वाची: हे खाणं कोणासाठी. तुझ्या पिशवीवर बहुतेक ‘वजन कमी करायच्या प्रौढ कुत्र्यांसाठी’ असं असेल. तुला ‘वाढीसाठी आणि दूध पाजणाऱ्या मादीसाठी संपूर्ण आहार’ असं लिहिलेली पिशवी हवी. पिल्लांच्या पिशवीवर पुष्कळदा हेच असतं. नुसतं ‘पूरक’ लिहिलं असेल तर त्यावर भागवायचं नाही.

डबेवाल्याला शिव्या देऊ नकोस. त्याच्या डब्यात बहुतेक पाणीच. खोटं वाटेल, पण मी एक डबा ओव्हनमध्ये वाळवला. घरभर असा वास सुटला की तुझे जावई गॅलरीत जेवले. उरलं मूठभर! पाणी बाजूला काढून हिशेब केला तर प्रथिनं तुझ्या पिशवीपेक्षा जास्त. ती मूठ मी कितीतरी वेळ बघत होते. आपण ज्याला भरलेलं म्हणतो त्यात खरं किती थोडं असतं, मामा.

पिशवी आजच बदल, आणि तिला डॉक्टरांना दाखव. फासळ्यांचं मला बरं वाटत नाही.

आशीर्वादाचा हात डोक्यावर राहू द्यावा.
तुझी टिटवी

२९ मार्च

चि. टिटवीस अनेक आशीर्वाद.

उशिराबद्दल रागावू नकोस. तुझं पत्र हातात पडलं त्याच सकाळी बाईसाहेब कोसळल्या. पाय लाकडासारखे ताठ, अंगभर थरथर, धाप थांबेना. मी घाबरून गेलो. हत्यारांच्या ढकलगाडीत तिला घातलं, पिशवीही टाकली आणि जनावरांच्या दवाखान्याकडे पळत सुटलो.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या की, रक्तातलं कॅल्शियम दुधात निघून गेलंय, तासाभराचा उशीर झाला असता तर हाती लागली नसती. एका हाताने छातीचे ठोके ऐकत त्यांनी अगदी हळूहळू इंजेक्शन दिलं. टिटवी, माझ्या डोळ्यांसमोर ती थरथर थांबली! ताठलेले पाय सैल झाले, आणि तिने मान उचलून पिल्लं शोधली. मला हुंदका आवरेना. बाईंनी पिशवी उलटी करून बरोबर तू सांगितलेल्या ओळीवर बोट ठेवलं. नुसत्या खाण्यामुळेच असं होतं असं नाही, म्हणाल्या, पण या खाण्यावर चार जणांना पाजणं म्हणजे उपाशी राहूनच पाजणं.

मी काही दिवस पिल्लांना बाटलीने दूध पाजलं. नवी पिशवी मात्र मागची बाजू आधी वाचून आणली, दुकानदार कंटाळेपर्यंत.

आता कालची गोष्ट. बाईसाहेब अंगाने भरल्यात. काल त्यांनी भांडं चाटूनपुसून साफ केलं, मी खूश. तोच त्या पिल्लांपाशी गेल्या आणि खाल्लेलं सगळं ओकल्या. माझं धाबं दणाणलं. चपला न घालताच डॉक्टरीणबाईंकडे धावलो. त्या हसल्या. म्हणाल्या, आजारी नाही हो ती, जेवण वाढतेय. पिल्लं खायच्या वयाला आली की काही कुत्र्या आपल्या पोटातलं असं मऊ करून देतात.

परत आलो तर चारही पिल्लं त्यावर तुटून पडली होती, आणि ती बाजूला उभी राहून बघत होती. मरणाच्या दारातून आलेली ही एवढीशी बाई! पोटभर जेवली आणि तेही वाटून टाकलं.

मग भांडं पुन्हा भरलं, आणि तिचं खाऊन होईपर्यंत चारही पिल्लांना मांडीवर धरून बसलो.

आमची सहाही जणांची आठवण असू द्यावी.
तुझा मामा