वासावरून मीठ

ती. अक्कास,

धाकट्या भावाचा परदेशातून, खुर्चीत बसल्या बसल्या (इथल्या खोलीत वाकायला जागा नाही), साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा काय म्हणतो? तेल लावतेस की नुसती बाटलीकडे बघतेस? आम्ही सगळे मजेत आहोत. चिरंजीव, सूनबाई आणि नात मला रोज काहीतरी दाखवायला नेतात आणि मी रोज काहीतरी विचारून त्यांना भंडावून सोडतो.

तुला माहीतच आहे, ही गेल्यापासून आमच्या घराला कुलूप आहे आणि मी चिरंजिवांकडे. या सहलीहून परत आल्यावर मला माझ्या घरी राहायचंय. चिरंजीव म्हणतात, "बाबा, तुम्हाला साधी खिचडी टाकता येत नाही, एकटे खाणार काय?" यावर मी काय बोलणार? (बोललो बरंच, उपयोग शून्य.) अशातच सूनबाईंनी इथल्या एका स्वयंपाकाच्या वर्गात आम्हा चौघांची नावं घातली. मी म्हटलं, मी आपला कोपऱ्यात बसून बघेन. पण शिकवणाऱ्या बाई भलत्याच खमक्या. त्यांनी माझ्या गळ्यात एप्रन अडकवला आणि हातात गाजर दिलं.

अक्का, काय ती खोली! सुऱ्या भिंतीवर लोहचुंबकाला चिकटलेल्या, कचऱ्याचा डबा पायाने उघडणारा (मी उगाचच पुन्हा पुन्हा उघडून पाहिला). कांदा आधी का, गाजर नंतर का, झाकण अर्धंच का ठेवायचं? माझे प्रश्न संपेनात. नात बिचारी भाषांतर करून दमली. जन्मभर दोन्ही वेळा पोटभर जेवलो आणि आत एवढी गंमत चालते हे मला कुणी सांगितलंच नाही!

सूप उकळायला लागल्यावर बाईंनी प्रत्येकाला चमचा दिला. चाखा आणि मीठ घाला, म्हणे. मी चमचा खाली ठेवला. आपल्या आईची शिस्त, पानात वाढायच्या आधी चाखलं की अन्न उष्टं झालं. नातीकरवी मी हे ठणकावून सांगितलं. बाईंनी डोळे विस्फारले. मग मीठ बरोबर आहे हे कळतं कसं? सगळा वर्ग माझ्याकडे बघायला लागला, चिरंजीवसुद्धा. आणि अक्का, उभ्या जन्मात कशात मीठ न घातलेला मी बोलून गेलो, "वासावरून."

झालं! बाईंना हे इतकं आवडलं की त्यांनी मिठाचं भांडं माझ्या हातात दिलं आणि मला पातेल्या-पातेल्यावरून फिरवलं. मी डोळे मिटायचो, हुंगायचो, "हं" म्हणायचो आणि चिमूट सोडायचो. लोक फोटो काढत होते. मी मात्र मनात देवाचा धावा करत होतो, कारण इथे फजिती झाली असती तर घरी राहायचं नावच काढायला नको. परक्यांच्या पातेल्यांत भीत भीत चार कण टाकले, पण आमच्या पातेल्याशी येईपर्यंत हात चांगलाच मोकळा झाला होता.

जेवायला बसलो. बाकीच्यांनी वरून मीठ घेतलं (त्यांना वाटलं असेल, अशीच पद्धत आहे). आमच्या टेबलावर सगळे मान खाली घालून जेवले. पानातल्या अन्नाला नावं ठेवायची नाहीत हे आपल्या घरात मुरलेलंच आहे. चिरंजिवांनी वाटी संपवली, बाईंनी टाळ्या वाजवल्या, मी जिंकलो.

तुझा,
नवशिका बल्लवाचार्य

ता. क. नात म्हणते, त्या सुपापेक्षा समुद्राचं पाणी परवडलं. चिरंजीव त्यानंतर जगच्या जग पाणी प्यायले. मला काही कळलं नाही, भीतीने माझ्या तोंडाची चवच गेली होती.

ता. ता. क. पत्राचं खरं कारण आता लिहितो. परत येताना चिरंजीव माझ्या शेजारून चालत होते. म्हणाले, "बाबा, कित्येक दिवसांनी तुम्ही इतके खुश दिसलात. राहा आपल्या घरी. पण सुरुवातीला शिकवायला कुणीतरी सोबत हवं." मला भरून आलं गं. त्या भरात मी सांगून टाकलं की अक्का येणार आहे, तिने केव्हाच कबूल केलंय. संध्याकाळी चिरंजीव तुला फोन करणार, म्हणून नातीला या पत्राचा फोटो काढून घाईने पाठवायला सांगतोय. तू फक्त हो म्हण आणि बॅग भर. मला त्या घरात पुन्हा कुकरची शिट्टी ऐकायची आहे, अक्का, आणि तो कुकर मी लावलेला हवा.