प्रोफेसरला मी शिवी दिली नाही

कोल्हापूर,
६ डिसेंबर १९९८

चि. रुद्रेशला अव्वाचा आशीर्वाद, आणि पाठीत एक धपाटाही, कारण दिवाळीला आईकडं येतो म्हणालास आणि आला नाहीस.

इकडे सगळं ठीक. माझे गुडघे कुरकुरतात, पण घर सोडून कुठं जात नाहीत, तुझ्यापेक्षा बरे. पत्र तुझी बायको लिहिते आहे. मी बोलते तसं सौंदर्या लिहीत नाही, तांदूळ निवडावेत तसं निवडून लिहिते. तेव्हा शिव्या दिसल्या नाहीत म्हणून अव्वा सुधारली असं समजू नकोस. तुझी शांभवी बरी आहे. दूध पिते. उंच झाली, जुने फ्रॉक आता गुडघ्याच्या वर जातात.

बातमी अशी की आम्ही तिघी, तुझ्या लेकीसकट, नाटक बघून आलो. वरच्या मजल्यावरच्या बनाबाईचा भाचा हंबीरराव स्पर्धेच्या नाटकात प्रोफेसर झाला होता. एरवी तो बँकेत कारकून. बनाबाईनं आम्हाला ओढूनच नेलं.

नाटक अनाथाश्रमातल्या मुलांचं. मोठा शिकलेला प्रोफेसर येतो. त्याला बघायचं असतं, की चांगल्या बोलणाऱ्या पोराला रोज उठून ‘तुझं बोलणं चुकतं’ म्हटलं, तर त्याचं काय होतं. पोरांना यातलं काही सांगत नाही. अर्ध्यांना शाबासकी देतो, अर्ध्यांना टोकत राहतो. ‘थांब. पुन्हा म्हण. नीट येत नसेल तर बोलूच नकोस.’ त्यात एक चुरुचुरु बोलणारी मुलगी असते. ती आधी अडखळते, मग मान खाली घालून बोलते, मग बोलतच नाही. तेही तो टिपून घेतो.

आपल्या गावची माणसं गप बसतात होय? मागून एक ओरडला, “ए मास्तर, खाली ये, तुलाच बोलायला शिकवतो!” पुढच्या रांगेतला एक पैलवान उठून उभाच राहिला. बायकोनं सदरा धरून त्याला खाली बसवलं. आमच्या शेजारचे चष्मेवाले गृहस्थ म्हणाले, “शास्त्राला थोडं कठोर व्हावं लागतं.” बनाबाई वळली, “मग तुमचं लेकरू द्या की त्याला!” त्यानंतर ते गृहस्थ चहालाही उठले नाहीत.

मध्यंतरात तर कहर. हंबीरराव रंगवलेल्या तोंडानं मावशीला भेटायला आला, आणि बनाबाईनं त्याचा दंडच धरला. “तुला लाज न्हाय वाटत?”

“मावशे, नाटक हाय की गं!”

“मला म्हाईत हाय नाटक हाय ते. पण लेकराला तसं बोललासच न्हवं?”

बिचारा चहा न पिताच आत गेला. मी पोट धरून हसले. पण पडदा परत वर गेला आणि माझं हसू गेलं.

घरी येताना रिक्षात बनाबाई म्हणाली, “समद्यांनी शिव्या घातल्या, आणि तू तेवढी गप. तब्येत बरी हाय न्हवं?” मी म्हटलं, गुडघे दुखतात. शिव्या काय मी गुडघ्यानं देते, पण सुचलं ते सांगितलं. तिला ते पटलं नाही. फोन तिच्याच घरी आहे. तिला सगळं माहीत आहे.

प्रोफेसर वाईट माणूस असता तर सोपं होतं रे. पण हंबीररावानं त्याला वाईट केलाच नाही. इस्त्रीचा शर्ट, मऊ आवाज, येताना पोरांना गोळ्या आणायचा.

तुझाही आवाज मऊच आहे, रुद्रेश.

इथं सौंदर्याचा हात थांबला. मला म्हणाली, “आत्या, हे नको.” मी म्हटलं, लिही. निवडू नकोस आता.

पुण्याच्या शाळेत मुलाखत आहे, म्हणून तू दर रविवारी फोनवर पोरीची तयारी घेतोस. ती हौसेनं सांगायला जाते, ‘पप्पा, मांजरीला पिल्लं झाल्यात.’ तू म्हणतोस, ‘थांब. झाल्यात नाही. झाली आहेत. पुन्हा म्हण.’ ती पुन्हा म्हणते. तू पुन्हा थांबवतोस. पिल्लं किती, कुठल्या रंगाची, हे तू कधी विचारलंच नाहीस. तुझ्या मनात वाईट नाही. पुण्यात तुझ्या बोलण्याला लोक हसले असतील, पोरीला हसू नयेत, एवढंच तुला हवं. मी काय ओळखत नाही तुला?

आता खरं सांगते. गेले कित्येक रविवार मी फोनवर म्हणते, झोपली आहे, खेळायला गेली आहे. ती कुठंही गेलेली नसते. बनाबाईच्या दारामागं फ्रॉकचं टोक चावत उभी असते. घरातही बोलणं बंद आहे. पाणी हवं तर तांब्याकडं बोट करते. शाळेतल्या बाईंनी सौंदर्याला बोलावून विचारलं, हिला ऐकू येतं ना? येतं. सगळं ऐकू येतं.

नाटकातल्या त्या मुलीला कुणीतरी नाव विचारतं. ती तोंड उघडते आणि मिटते. त्या वेळी माझ्या मांडीवरच्या शांभवीनं माझ्या कानाला तोंड लावलं. किती दिवसांनी तिचा आवाज ऐकला मी. म्हणाली, “अज्जी, तिच्या पप्पांचा पण फोन येतो?”

सगळे लोक प्रोफेसरला शिव्या घालत होते. मी कशी घालू? माझ्याच पोराला लागल्या असत्या.

मुलाखत राहू दे. रविवारी फोन मात्र कर. मी तो तिच्या कानाला लावीन. ती बोलणार नाही, तू काही विचारू नकोस. तूच सांग. खानावळीत काय खाल्लंस, साहेब कशावरून ओरडला. आपल्या घरातल्यासारखं बोल, अडखळलास तरी चालेल. पलीकडून नुसता श्वास ऐकू येईल. तेवढ्यावर फोन ठेवू नकोस.

तिचं बोलणं परत येईल का, मला माहीत नाही. नाटक संपल्यावर मी हंबीररावाला विचारलं, ती मुलगी पुढं बोलते का? तो म्हणाला, “आजी, लिहिणाऱ्यानं तिथंच संपवलंय.”

सौंदर्याचं अक्षर खाली खाली वाकडं झालं आहे, तिला बोल लावू नकोस. तिनं फक्त लिहिलं, बोलले मी. भांडायचं असेल तर माझ्याशी भांड.

तुझी वाट बघणारी, आणि जन्मात पहिल्यांदाच तुझी भीती वाटलेली,
अव्वा