गाडीचं स्वागतगीत

९ सप्टेंबर, मंगळवार

ध्रुवपद जुळलं एकदाचं. सकाळपासून अडलो होतो. चिकूच्या झाडाखाली नुसता उभा होतो आणि आपोआप ओठावर आलं —

आला रथ आरोग्याचा, उजेड घेऊन आला
खोकल्याचा काळोख आमच्या दारातून गेला

रथ म्हणजे पाड्यावर महिन्यातून एकदा येणारी ती पांढरी गाडी. छातीचा फोटो जागेवरच काढतात आणि क्षयाची शंका असली तर तिथेच सांगतात. यंत्र केवढंसं, जत्रेतल्या फोटोवाल्याच्या कॅमेऱ्याएवढं. परदेशातल्या कुठल्याशा संस्थेने दिलेली गाडी. जिथे डॉक्टर पोचत नाही तिथल्या माणसालाही शहरातल्या माणसाइतकंच आयुष्य मिळावं, म्हणून म्हणे ते लोक देशोदेशी अशा गाड्या पाठवतात. असं फक्त पाचवीच्या पुस्तकातल्या कवितेत असतं असं मला वाटायचं.

त्या संस्थेची माणसं पुढच्या आठवड्यात स्वतः येणार आहेत, गाडीचं काम बघायला. गाडीच्या डॉक्टर किंजल म्हणाल्या, ‘गुरुजी, पाड्याच्या शाळेत जन्म घालवलात. मुलांचं एक गाणं बसवा ना.’

घरी प्रेमला म्हणते, ‘गाणं बसवताय, पण तुमचा घसा बसलाय त्याचं काय?’

मुलाकडे, शैलेशकडे, बोईसरला राहून आलो, तिथल्या कारखान्यांच्या हवेने धरलाय. ज्येष्ठमध चघळतोय.

११ सप्टेंबर, गुरुवार

पहिली तालीम. शाळेची तीच खोली. खडूचा आणि ओल्या भिंतीचा तोच वास. क्षणभर वाटलं, निवृत्ती वगैरे काही झालीच नाही, आत्ता घंटा होईल.

पत्र्यावर पाऊस, बाहेर गुरं. काही ऐकू येईना. मुलांना म्हटलं, दारं-खिडक्या लावून घ्या. मग आवाज असा घुमला — गाभाऱ्यात घुमतो तसा! मुलं माझ्याभोवती गुडघ्याला गुडघा लावून बसली. एक ओळ मी म्हणायची, मग त्यांनी. पाढे असेच शिकवले, कविता अशाच. मी पुढे, मुलं मागे.

चिमीला न्यायला तिची आई आली, जिवली. माझीच विद्यार्थिनी, चौथीपर्यंत. आता आमच्याच चिकूच्या वाडीत कामाला येते. दारात उभी राहून चाल गुणगुणायला लागली. तिच्या वर्गात तसा गळा दुसऱ्या कुणाचा नव्हता. दुसऱ्या ओळीला मात्र खोकला आला. भिंतीला हात टेकून, वाकून खोकत राहिली. मुलं हसली. मला हसू आलं नाही.

१५ सप्टेंबर, सोमवार

प्रेमलाने जिवलीचा चहाचा कप वेगळा केला. मागच्या खिडकीत ठेवलाय. ‘घरात म्हातारी माणसं आहोत आपण. तिच्या खोकल्याचं काय सांगावं?’ जिवलीने खिडकीतला कप घेतला, विसळून परत तिथेच ठेवला. मी माझा चहा संपवला.

नंतर तिला विचारलं, गाडीत जाऊन फोटो का काढत नाहीस?

म्हणाली, ‘गाडी येते तवा मी तुमच्याच वाडीत असते, गुरजी.’

मग नुसतीच हसली. मी चिकूच्या फांद्यांकडे बघत राहिलो.

१७ सप्टेंबर, बुधवार

तालीम रोज चालू. माझा आवाज पार गेलाय, पण मुलांचा चढलाय. शेवटच्या कडव्यात ‘हसती डोंगर, हसती पोरे’ आलं की अंगावर काटा येतो. दुपारी थोडी कणकण होती. पावसात भिजतो, त्याचं.

१८ सप्टेंबर, गुरुवार

उद्या पाहुणे, गाडीबरोबरच. पाड्यावर सगळ्यांना गोळा करून सूचना दिल्या. अंगण सारवा. मुलांना आंघोळ. पाहुण्यांपुढे रडगाणं नको. आणि खोकणाऱ्यांनी उद्या घरीच थांबा.

इन्स्पेक्शनच्या आदल्या दिवशी आम्ही हेच करायचो. कच्च्या मुलांना सांगायचं, उद्या येऊ नका रे. साहेबांपुढे वर्ग कसा खणखणीत दिसला पाहिजे! तालुक्यातल्या सगळ्या शाळा हेच करायच्या. त्यात कुणाचं वाईट करावं असं मनात नसायचं.

जिवली म्हणाली, ‘मंग माजा फोटो उद्या नाय?’

म्हटलं, पुढच्या महिन्यात. गाडी कुठे पळून चाललीय?

जिवलीचा नवरा महादू मागून म्हणाला, ‘बरा हाय. जो खोकतो तो घरी, नि खोकला बगायला गाडी.’

सगळे हसले. मीही हसलो.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

काय दिवस! एक उंच बाई होत्या, पांढऱ्या केसांच्या, आणि त्यांच्याबरोबर दोघे. चपला बाहेर काढून सारवलेल्या अंगणात बसल्या. मुलांनी एकही सूर चुकवला नाही. किंजल डॉक्टरांनी गाण्याचा अर्थ सांगितला. ‘खोकल्याचा काळोख गेला’ ऐकून त्या बाईंनी छातीवर हात ठेवला.

मग विचारलं, आता इथे कुणाला खोकला आहे का?

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मग महादूच म्हणाला, ‘नाय नाय. सगला बेस हाय.’ बायकांनी माना हलवल्या. किंजल डॉक्टर काही सांगू बघत होत्या, तेवढ्यात नारळपाणी आलं.

निघताना बाईंनी माझे दोन्ही हात हातात घेतले. माझं नाव विचारलं. रामनाथ, म्हटलं. त्यांनी दोनदा म्हणून बघितलं.

घरी येऊन प्रेमलाला सगळं गाणं म्हणून दाखवलं. म्हणजे जेवढं घशातून निघालं तेवढं.

६ ऑक्टोबर, सोमवार

किंजल डॉक्टर घरी आल्या होत्या. गाडी जाणार. या महिन्याची फेरी होणार नाही.

संस्थेकडे येणारा पैसाच आटलाय म्हणे. गाड्या थोड्या, गावं फार. म्हणून जिथे रोग जास्त तिथे गाडी, असं ठरलं. आमच्या पाड्याबद्दल त्यांच्या अहवालात आलंय की इथली गरज ओसरली. लोक निरोगी आहेत, समाधानी आहेत.

मी म्हटलं, पण तुम्हाला तर माहीत होतं.

त्या म्हणाल्या, ‘मी सांगितलं, गुरुजी. रुग्ण दिवसा कामाला जातात, म्हणून कमी सापडतात, हेही सांगितलं. पण त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं ना. गाणं ऐकलं.’

चहा न घेता गेल्या. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

७ ऑक्टोबर

झोप नाही. ते ध्रुवपद डोक्यातून जात नाही. चाल फार सोपी लावली मी.

१३ ऑक्टोबर, सोमवार

जिवली अजून खोकते. तिला म्हटलं, पालघरच्या सरकारी दवाखान्यात चल, तिथेही फोटो निघतो. म्हणाली, भातकापणी हाय. महादूला म्हटलं. तो म्हणाला, ‘दिवाळी होऊ दे, गुरजी.’ दिवाळीनंतर तर हे वीटभट्टीवर जातात, थेट भिवंडीकडे! पाड्यातली निम्मी घरं बंद होतात. तिथे तिला कोण विचारणार?

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

भाऊबीज झाली. पाड्यावर बोचकी बांधायला सुरुवात. काही घरं आजच गेली, पोराबाळांसकट. महादूचा टेम्पो मंगळवारी.

जिवलीच्या ओट्यावर जाऊन बसलो. म्हटलं, सोमवारी तू माझ्याबरोबर पालघरला आल्याशिवाय मी इथून उठत नाही. महादू म्हणाला, ‘बसा. सांजचा भात खाऊन बसा.’

जिवली भितेय ते यंत्राला. तिच्या मामाला दवाखान्यात नेला तो परत आला नाही. मग म्हणाली, ‘पाढा पैला तुमी म्हनायचे, मंग आमी. आता पन तसाच करा. पैला तुमी फोटो काढा.’

‘मला काय झालंय?’ म्हटलं.

‘तुमी पन खोकता की.’

महादू इतका हसला की शेवटी मीही कबूल झालो. मी पुढे, ती मागे.

२७ ऑक्टोबर, सोमवार

जवळच्या उमरोळीहून रिक्षाने पालघरला गेलो. जिवलीने नवं लुगडं नेसलं होतं, चिमी बरोबर. रांगेत जिवली माझ्या सदऱ्याचं टोक धरून उभी होती — पहिलीत धरायची तसंच. आधी मी यंत्रापुढे उभा राहिलो. बाहेर येऊन म्हटलं, बघ, आलो की नाही परत? मग ती गेली.

दोघांची थुंकीही घेतली. जिवली रिपोर्ट येईपर्यंत थांबणार आहे, तसं मी महादूकडून वदवून घेतलं. येताना चिमीने रिक्षात स्वागतगीत म्हटलं, सगळंच्या सगळं. मी खिडकीबाहेर बघत होतो.

बरं वाटलं आज. पुष्कळ दिवसांनी.

३० ऑक्टोबर, गुरुवार

जिवलीची छाती स्वच्छ आहे. चुलीच्या धुराचा खोकला, औषध दिलंय.

क्षय मला आहे. बरेच महिने असावा, म्हणाले.

प्रेमलाने जिवलीचा कप आत आणला. खिडकीत माझा ठेवलाय.

चिमीला तपासून घेता येईल, ती इथे आहे. तालमीतली बाकीची मुलं कुठल्या भट्टीवर गेली, कुणाला धड सांगता येत नाही. गाडीही नाही. आणि दारं-खिडक्या लावायला मीच सांगितलं होतं.